अहो, आयकं का?

सुंदराबाईने नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं. तेही लग्नाच्या मांडवात, उखाण्यात, चार बाया हात धुऊन मागे लागल्या म्हणून. त्यानंतर नाव नाही. खानदेशातल्या पारोळ्याकडच्या खेड्यातली बाई ती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलेलं. मग हाक मारायची कशी? "अहो, आयकं का?" अहिराणीतलं आयकं का म्हणजे ऐकलं का. सुरतेत डिंडोलीच्या त्यांच्या गल्लीत संध्याकाळी वीस बाया वीस नवऱ्यांना हीच एक हाक मारतात आणि ज्याचा तो बरोबर वळतो. सुंदराबाईचा तेवढा वळत नाही.

आता कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? बायकोच्या पहिल्या हाकेला ओ देणारा नवरा अजून जन्माला यायचाय. खरं आहे. पण पंडित पहिल्या हाकेला नाही, दुसऱ्या नाही, दहाव्या हाकेलाही वळायचा नाही. ओट्यावर पाठ करून तंबाखू मळत बसलेला असायचा. ती तरातरा समोर जाऊन उभी राहिली की मान वर करून थंडपणे विचारायचा, "काय शे?" जशी काही ही आत्ताच आली! तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बरं, बहिरा म्हणावं तर तसंही दिसत नव्हतं. भाकरी थापता थापता ती पुटपुटली, "मेल्याले हाक आयकू येत नई," तर समोर ताटावर बसलेला पंडित लगेच म्हणायचा, "मेला कोनले म्हनी राहिनी?" शिवी बरी ऐकू येते! लग्नात मांडवाच्या पार त्या टोकाला दोघं कुजबुजत असले तर हा इकडे बसल्या बसल्या सांगायचा, की ते वरणाला नावं ठेवतायत. सगळे म्हणायचे, पंडितचे कान लई तिखट. पस्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमच्या खटाखटात काढली, पण कान शाबूत. आणि हे ऐकलं की सुंदराबाई मनात म्हणायची. तिखट कान ना? मग माझीच हाक कुठे जाते?

दुसरी एखादी असती तर चार शिव्या घालून विसरली असती. सुंदराबाईला विसरता येत नव्हतं, त्याला कारण होतं, आणि ते कारण तिने कधी कोणाजवळ काढलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी ती दोघं सुरतेतच पांडेसऱ्यात एका खोलीत राहत होती. थोरली लेक स्नेहा तीन वर्षांची. दोन दिवस अंगात ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पंडित डबा घेऊन सातच्या पाळीला निघाला आणि त्याने उंबरा ओलांडला न ओलांडला तोच पोरीला आकडी आली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. सुंदराबाईने तिला खांद्यावर टाकलं आणि धावली. गल्लीच्या तोंडाशी पंडितची पाठ दिसली, पंचवीस-तीस पावलांवर. ती जीव खाऊन ओरडली, "अहो, आयकं का!" पाठ चालत राहिली. ती पुन्हा ओरडली. पुन्हा ओरडली. पाठ कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

दवाखान्याची वाट ठाऊक नाही, गुजराती येत नाही, अशी ती माणसांना हाताने खुणा करत पोचली. डॉक्टरने पोरीच्या छातीला नळी लावली, काढली, आणि दोन शब्द बोलला. ते गुजराती तिला बरोबर कळलं.

संध्याकाळी पंडित आला, रडला, भिंतीवर डोकं आपटलं. तिने त्याला विचारलं नाही. सकाळी माझी हाक ऐकली होती का, एवढंच विचारायचं होतं. पण तो हो म्हणाला असता तर? त्याच घरात, त्याच माणसाला उद्या भाकरी कशी वाढायची? म्हणून नाही विचारलं. आणि आणखी एक गोष्ट तिला आतून खात होती. गल्लीत सगळ्याच बाया आयकं का ओरडतात. त्याला वाटलं असेल, दुसऱ्या कोणाची बायको ओरडतेय. आपण नाव घेऊन ओरडलो असतो तर वळला असता. आईच्या त्या एका वाक्यापायी तोंडातून नाव फुटलं नाही, आणि आयुष्य कमी झालं ते पोरीचं. बावीस वर्षं ती कधी त्याला शिक्षा करत होती, कधी स्वतःला. पुढे धर्मेंद्र झाला, मोठा झाला, कापड मार्केटात लागला, पण घरात ती दोघं एकमेकांशी कामापुरतीच बोलायची.

मग गेल्या वर्षी मंगलाबाई एक वाक्य बोलून गेली.

मंगलाबाई शेजारीण. दोघी दुपारी ओट्यावर बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायच्या. पंडितची तेव्हा सुट्टी होती. तो पाठमोरा बसलेला, सुंदराबाईने तीनदा हाक मारली, काही नाही. मंगलाबाई बघत होती. ती म्हणाली, "सुंदरा, हा मानूस बहिरा तर नई ना?"

"बहिरा कसला! मांडवातलं कुजबुजनं आयकू येस त्याले."

"आयकू येत नई वं. दिसस त्याले. मन्हा भाऊ उधन्यात लूमवरच ना. लूमच्या खात्यात कानाशी तोंड नेलं तरी आवाज पोचत नई, म्हनून सगळे कारीगर ओठ वाचतस. भाऊ पार बहिरा व्हई गया, घरात दहा वर्षं कोनले पत्ता नव्हता."

सुंदराबाईच्या हातातली टिकली साडीवर भलत्याच जागी चिकटली. ऐकू येत नाही, दिसतं! अगं बाई, समोर असलं की कळतं आणि पाठमोरा असला की नाही. शिवी कळते, कारण शिवी ती समोरून घालते. हाक कळत नाही, कारण हाक नेहमी मागून असते. इतकी साधी गोष्ट, आणि बावीस वर्षं आपल्या डोक्यात आली नाही! मग त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी... त्या दिवशीही पाठच होती ना?

त्या क्षणापासून तिला एकच ध्यास लागला. पंडित बहिरा निघावा. बहिरा निघाला तर पोरीला त्याने सोडलं नाही, आणि नाव न घेतल्याचं पापही आपल्या माथी नाही. नाव घेऊन ओरडलो असतो तरी बहिऱ्याला काय कळणार होतं? नवरा धडधाकट राहावा म्हणून उपास करणाऱ्या बाया गल्लोगल्ली आहेत. नवरा बहिरा निघावा म्हणून कानबाई देवीला नैवेद्याचे जास्तीचे रोट बोलणारी ही एकटीच. कानबाईचा आणि कानाचा तसा काही संबंध नाही, पण गरजवंताला अक्कल नसते.

श्रावणाआधी एका रविवारी गल्लीजवळच्या शाळेत शिबिर भरलं. पन्नाशीपुढच्या माणसांचे डोळे, साखर आणि कान फुकट तपासणार. सुंदराबाईने पंडितला धुतलेला शर्ट घालायला लावला आणि जवळजवळ हाताला धरून नेलं.

पण ह्या बाईला एक गोष्ट माहीत नव्हती. खात्यात आठवडाभर अफवा होती, की शेठने शिबिरवाल्यांकडून यादी मागितली आहे आणि ज्याचे कान गेलेले निघतील त्याला लूमवरून उतरवून निम्म्या पगारावर दारावर राखणीला बसवणार. यादी नव्हती आणि काही नव्हतं. पण चोपन्न वर्षांचा लूम कारीगर दारावर बसवला की गावाला जायचं तिकीटच काढायचं, एवढं पंडितला कळत होतं. तो मनाशी ठरवूनच आला होता.

टेबलावरच्या मुलीने आधी कागदावरचे प्रश्न विचारले. मोठ्या आवाजात काम करता? ना. कधी टीबी झाला होता, सुया घेतल्या होत्या? ना. साखर आहे? ना. तंबाखू? ना. कानात शिटी वाजल्यासारखं होतं? ना. तंबाखू खिशात होती हो! टीबी एकदा नाही, दोनदा झालेला, आणि दुसऱ्या वेळी दोन महिने रोज सुई टोचून घेतलेली. सुंदराबाई मागच्या बाकावर बसून सगळं पाहत होती, पण वर्गातल्या गलक्यात तिला शब्द कळत नव्हते.

मग मुलीने त्याच्या कानांवर मोठे काळे हेडफोन चढवले. "काका, अवाज आवे तो आंगळी ऊंची करजो." तिच्यासमोर लहानसं यंत्र, आणि तिच्यासमोरच पंडित. इथेच घोळ झाला. त्याला पाठमोरा बसवायला हवं होतं, पण एवढ्या गर्दीत कोण बघतं? ती मुलगी बटण दाबायची तेव्हा तिची हनुवटी इवलीशी खाली जायची. दुसऱ्या कोणाला सात जन्मात दिसलं नसतं. पण ज्याने पस्तीस वर्षं आठ-आठ लूमवर नजर ठेवून तुटलेला एक धागा टिपला, त्याला हनुवटी दिसणार नाही? हनुवटी हलली की बोट वर. हनुवटी स्थिर, बोट खाली. एकदाही चुकला नाही. मुलगी खूश होऊन म्हणाली, "काका, तमारा कान तो एकदम जवान छे!" आणि कागदावर शिक्का मारला. नॉर्मल.

सुंदराबाईने कागद धर्मेंद्रकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती मोरीत गेली आणि बादलीत पाणी सोडून रडली.

म्हणजे ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. तेव्हाही येत होतं.

त्या दिवसापासून तिने पंडितला हाक मारणं सोडलं. आणि कहर असा, की हाक बंद झाली हे पंडितला कळलंच नाही! कसं कळणार? त्याच्या लेखी ती कधी सुरूच नव्हती. त्याच्या ह्या निवांतपणाने ती आणखी पेटली. मग तिने नवंच आरंभलं. तो पाठमोरा बसला की मागे उभी राहून हळू आवाजात त्याला नाही नाही ते बोलायची. "पोरले खाई टाकं तू. तू मरी गया असता तर माले वाईट वाटतं नई. तुन्ह्या मयताले मी रडणार नई, आयकी ले." तो तंबाखू मळत राहायचा. कधीकधी मान डोलवत राहायचा, स्वतःच्याच कुठल्या विचारात. सुंदराबाई म्हणायची, बघा, सगळं ऐकून गिळतो, एवढा निगरगट्ट माणूस! तीन आठवडे हे चाललं. इतकं वाईट तोंड तिने आयुष्यात कोणाला दाखवलं नव्हतं, आणि नवऱ्यालाही ते दाखवत नव्हती, पाठीला दाखवत होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी योगराज आला. पंडितचा जुना जोडीदार, त्याच खात्यात शेजारच्या लूमवर. दोघं समोरासमोर बसले. लूमवरची माणसं घरातही ओरडूनच बोलतात, त्यामुळे सुंदराबाईला आत चहा गाळताना सगळं ऐकू येत होतं. योगराज म्हणाला, शिबिरात माझे कान गेलेले निघाले, तुझे कसे चांगले निघाले रे? पंडित हसत सुटला. मांडीवर थाप मारून हसला. "मन्हे कान चांगले? अरे, ढोल वाजाडा तरी माले धड आयकू येत नई! पोरनी हनुवटी पाही राहिंतू मी." आणि त्याने बोट वर, बोट खाली करून दाखवलं.

चहा उतू गेला. सुंदराबाई गाळणं हातात धरून तशीच बाहेर आली. योगराजला वाटलं, वहिनी चिडल्या. वहिनी हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिने पंडितला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. नाही म्हणत होता, पण ती ऐकेना. यादीबिदी काही नाही हे योगराजनेच सांगितलं होतं. त्याचे कान गेलेले निघूनही तो लूमवरच होता. ह्या वेळी पंडितला काचेच्या बंद खोलीत बसवलं, तोंड भिंतीकडे. अर्धा तास त्याचं बोट मांडीवर पडून राहिलं, क्वचित कधी उठलं. बाहेर आल्यावर डॉक्टरने कागदावरच्या उतरत गेलेल्या दोन रेघा दाखवल्या आणि हिंदीत सांगितलं, दोन्ही कान बरेच गेलेत, कानाच्या यंत्राशिवाय चालणार नाही. सुंदराबाईने हात जोडून कपाळाला लावले. रांगेतल्या बाया टकामका बघायला लागल्या, की नवरा बहिरा झाला म्हणून ही देवाचे आभार मानतेय की काय!

"साहेब, कितने साल से?" तिने घाईघाईने विचारलं. "बाईस साल हुआ ना? जादा हुआ ना?"

डॉक्टर म्हणाला, मशीन आज किती ऐकू येतं एवढंच सांगतं, कधीपासून ते नाही सांगत. ते ह्यांनाच विचारा. मग त्याने तारीख लिहून दिली. पुढच्या मंगळवारी खिडकीवर यंत्र मिळेल, बरोबर घरचं माणूस आणा, कारण तिथे नाव पुकारतात आणि ह्यांना ऐकू जाणार नाही. तीनदा पुकारूनही कोणी आलं नाही तर नंबर जातो, पुन्हा महिन्याने.

त्या दिवशी घरी येऊन सुंदराबाईने वरण-बट्टी केली. तूप हात सैल सोडून घातलं. धर्मेंद्र अजून मार्केटातून यायचा होता. पंडित जेवायला बसला आणि ती त्याच्या अगदी समोर बसली, पदर मागे सारून, तोंडावर उजेड येईल अशी. बावीस वर्षांत ती त्याच्यासमोर अशी बसली नव्हती. आपण मागे उभं राहून काय काय बोललो ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्याने त्यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं, ही देवाचीच कृपा. विचारायची तशी गरजही नव्हती. पण त्याच्या तोंडून एकदा ऐकलं की झालं, मग कानबाईचे रोट, मग सगळं नव्याने.

"कान कवयपासून गयात हो तुमचे?" तिने एकेक शब्द सुटा करून विचारलं.

पंडितने बट्टी कुस्करता कुस्करता हिशोब केला. "सुया टोच्यात ना, दुसऱ्या टीबीले, तवयपासून. धर्मेंद्र चौथीले व्हता."

तिनेही हिशोब केला. धर्मेंद्र चौथीत. म्हणजे स्नेहा जाऊन दहा-अकरा वर्षं झालेली.

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी येत व्हतं ना. लूमने थोडे मंद झाले व्हते. पण मानसाचा आवाज येत व्हता."

बाई, इथेच उठायचं होतंस. ताट उचलायचं, मोरीत जायचं, काही नाही तर तूप सांडायचं. पण बावीस वर्षं जो प्रश्न गिळला तो आता तिच्या ओठांवर होता, आणि समोर ओठ वाचणारा माणूस होता. तिने विचारलं. पांडेसऱ्याची गल्ली, पोरगी खांद्यावर, मी मागून हाक मारली होती. आवाज फुटत नव्हता तिचा; पंडितला आवाजाची गरज नव्हती.

त्याचा हात ताटात थांबला. मग म्हणाला, "मी आयकं व्हतं."

"दुसऱ्या कोनी बाई वाटनी असेल तुम्हले," ती घाईने म्हणाली. अजूनही त्याला वाट करून देत होती हो, अजूनही!

"तुना आवाज मी वळखस ना. तीनदा मारी तू. तिसऱ्यांदा आवाज फाटना व्हता."

मग तो बोलत राहिला. आधल्या दिवशी पाळी एक मिनिट चुकली होती, मुकादमाने दम दिला होता, की उद्या उशीर केलास तर तुझे लूम दुसऱ्याला. आणि तू रोजच हाका मारायचीस. काल मीठ संपलं म्हणून, परवा रॉकेल संपलं म्हणून. वाटलं, आजही तसंच काहीतरी असेल. वळलो असतो तर गेट बंद झालं असतं. पोरगी खांद्यावर आहे हे मला काय ठाऊक? मी वळून पाहिलंच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून वरणात पडत होतं आणि तो सांगत होता, की ती हाक त्याला अजून येते. आता बाकी कसलाच आवाज येत नाही, म्हणून तर जास्तच येते.

सुंदराबाईने सगळं ऐकलं. तिचे कान ठणठणीत होते, हीच तर पंचाईत. ती शिव्या घालू शकली असती, समोरच बसली होती. तिने एकही घातली नाही. पदर डोक्यावरून ओढून घेतला, तोंडावरून खाली सोडला, आणि पदराआड काहीतरी बोलली. दोन-तीन वाक्यं असतील. पंडितला फक्त हलणारं कापड दिसलं.

"काय म्हनी राहिनी?" त्याने विचारलं. "पदर बाजूले कर ना. माले दिसत नई."

ती उठली आणि भांडी घासायला गेली.

मंगळवारी पंडित आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खाटेवर बसला, दवाखान्याचा कागद हातात. सुंदराबाई त्याच्याकडे पाठ करून साडीला टिकल्या चिकटवत होती. तो दोनदा म्हणाला, चाल ना, उशीर होईल. तिने मान वळवली नाही. मंगलाबाई समोरच्या ओट्यावरून बघत होती; ती म्हणाली, सुंदरा, जा ना वं, तिथे नाव पुकारतस, त्याले एकट्याले काय कळनार? सुंदराबाई म्हणाली, माले माहीत शे.

अकरा वाजता पंडित एकटाच निघाला. पावणेचारला परत आला. कान रिकामे, कागद तसाच घडी घातलेला. सगळ्यांचे नंबर लागले, माझाच लागला नाही, मग खिडकी बंद झाली, असं त्याने तिच्या पाठीला सांगितलं. तिने हातातली साडी घडी करून ठेवली, आत गेली आणि त्याचं ताट वाढलं.